सात जपानी कार्डे आणि आमचे रिकामे कपाट

वाचकहो, जपान म्हटले की आपल्या बेटावरच्या माणसाला पहिल्याने मोटारगाडी आठवते. २०२० सालापासून आणखी एक गोष्ट आठवते. त्या वर्षी २५ जुलैला वाकाशियो नावाचे जपानी मालकीचे जहाज पॉइंट देस्नीच्या प्रवाळावर चढले, आणि पुढे त्याचे तेल आपल्या समुद्रात पसरले. उसाची वाळलेली पाती भरून लांब पिशव्या शिवणारे ते दिवस कोणी विसरलेले नाही. आमचे जपानचे ज्ञान याच्या फार पुढे गेलेले नव्हते. त्या देशात संगीत नाटकांची एवढी मोठी परंपरा असेल, आणि तिचा आपल्या बैठक्यातल्या कपाटाशी काही संबंध लागेल, असे कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो.

आमचा एक जुना विद्यार्थी जहाजावर नोकरी करतो. मागच्या खेपेला त्याने कोबे बंदरातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक पाकीट आणले. "गुरुजी, तुम्हाला नाटकाचे वेड आहे म्हणून घेतले. फार महाग नव्हते," तो म्हणाला. पाकिटात सात पोस्टकार्डे होती. सहा करड्या रंगाची, एक हाताने रंगवलेले. रंगमंचावर ओळीने उभ्या असलेल्या मुली, मागे पडद्यावर रंगवलेले डोंगर, एकीच्या डोक्यावर पिसांचा मुकुट. एका कार्डावर एक देखणा तरुण एका तरुणीचा हात धरून उभा आहे. तो तरुणही मुलगीच आहे, हे विद्यार्थ्याने सांगितले तेव्हा आम्ही कार्ड पुन्हा खिडकीजवळ नेऊन पाहिले.

ही कार्डे ताकाराझुका या संगीत नाटक मंडळीची. ओसाका शहराजवळच्या ताकाराझुका गावी ही मंडळी शंभराहून अधिक वर्षे चालू आहे आणि तिच्यात सगळ्या भूमिका मुलीच करतात. तिचा जन्म कसा झाला ते सांगितल्यावाचून ही कार्डे का छापली गेली ते कळणार नाही.

कोबायाशी इचिझो नावाचे एक गृहस्थ होते. १८७३ चा जन्म, १९५७ साली वारले. त्यांच्या कंपनीने १९१० साली ओसाकाच्या उमेदा भागापासून ताकाराझुकापर्यंत विजेची आगगाडी सुरू केली. मार्गावर शहर असे नव्हतेच, शेते आणि टेकड्या. गाडीत बसणार कोण? कोबायाशींनी मार्गाच्या कडेला घरे बांधून ती हप्त्याने विकायला काढली, म्हणजे रोज येजा करणारे उतारू तयार झाले. शेवटच्या स्थानकावर गरम पाण्याचे झरे होते, तिथे १९११ साली स्नानगृह उघडले. १९१२ साली त्याला जोडून पोहण्याचा तलाव बांधला, आणि तो साफ फसला. पाणी तापवण्याची सोय नव्हती, त्यामुळे ते बर्फासारखे थंड. स्त्रीपुरुषांनी एकत्र पोहायला सरकारी मनाई. कोणी फिरकेना. तेव्हा कोबायाशींनी तलावावर फळ्या टाकून तिथे प्रेक्षक बसवले आणि कपडे बदलायच्या खोलीचा रंगमंच केला. तोकियोच्या मित्सुकोशी दुकानाने मुलग्यांचा एक वाद्यवृंद पाळला होता, तो पाहून त्यांना मुलींचे गायनपथक काढण्याची कल्पना सुचली. १९१३ साली सोळा मुली घेऊन सुरुवात झाली आणि १ एप्रिल १९१४ रोजी पहिला प्रयोग झाला. त्यातले एक नाटुकले मोमोतारोच्या गोष्टीवर होते. पीचच्या फळातून जन्मलेला हा मुलगा जपानी मुलांना तितकाच ओळखीचा, जितका आपल्या मुलांना भोपळ्यात बसून जाणारी म्हातारी.

म्हणजे नाटक सुरू झाले ते आगगाडीची तिकिटे खपावीत म्हणून. आम्हाला हे वाचून प्रथम थोडे वाईट वाटले. कला म्हणजे तपश्चर्या, असे आम्ही वर्गात शिकवतो. पण गोष्ट तशीच राहिली नाही. १९१८ साली मंडळीने आपले मासिक काढले, १९१९ साली शाळा सुरू केली, १९२४ साली मोठे नाट्यगृह बांधले. मुलींना रंगभूमीवरची नावे सुरुवातीला जुन्या शंभर कवींच्या प्रसिद्ध कवितासंग्रहातील शब्दांवरून देत. थंड तलावावर टाकलेल्या फळ्यांवरून दहा वर्षांत एवढी मजल.

या सगळ्याची जाहिरात ज्या कागदांनी केली त्यांत ही पोस्टकार्डे. प्रयोगातील प्रवेशांची छायाचित्रे काढायची, त्यांची कार्डे छापायची. प्रेक्षक आला की कार्ड विकत घेई, घरी मैत्रिणीला पाठवी. मैत्रीण ते पाहून पुढच्या महिन्यात गाडीत बसे. जाहिरातीचा खर्च प्रेक्षकच भरतो आणि पोचवण्याचे काम टपालखाते करते, यापेक्षा शहाणा व्यापार आम्हाला माहीत नाही. त्या काळी जपानात पोस्टकार्डाचे टपाल दीड सेन होते, १८९९ पासून १९३७ पर्यंत तेवढेच राहिले. एका येनचे शंभर सेन.

आता कार्डाची मागची बाजू. आमचा शिक्षकी स्वभाव असा की चित्र पाहून झाले की आम्ही पान उलटतो. आणि खरे सांगायचे तर या सात कार्डांनी आम्हाला जे शिकवले ते मागच्या बाजूने शिकवले.

जपानात सरकारी पोस्टकार्ड १८७३ साली आले. आपल्या पूर्वजांच्या हिंदुस्थानात ते १८७९ साली, पाव आण्याला. पण खासगी माणसाला स्वतःचे चित्र छापून कार्ड काढायची परवानगी जपान सरकारने १९०० साली दिली. त्यानंतर रशियाशी १९०४ आणि १९०५ मध्ये युद्ध झाले. त्या युद्धाची स्मारककार्डे घेण्यासाठी टपालकचेऱ्यांपुढे लोकांची झुंबड उडाली, आणि चित्रकार्डे जमवण्याचे वेड देशभर पसरले. सुरुवातीला कार्डाच्या पत्त्याच्या बाजूवर दुसरे काही लिहायची मुभा नव्हती. मजकूर लिहायचा तो चित्राच्या कडेला, मिळेल त्या जागेत. १९०७ साली पत्त्याच्या बाजूचा एक तृतीयांश भाग मजकुराला दिला आणि तिथे रेघ आली. १९१८ साली ती रेघ अर्ध्यावर सरकली. म्हणून रेघ नसेल तर कार्ड १९०७ पूर्वीचे, तिसऱ्या हिश्श्यावर असेल तर १९०७ ते १९१८ मधले, अर्ध्यावर असेल तर त्यानंतरचे.

दुसरी खूण भाषेच्या शिक्षकाला जास्त आवडेल अशी आहे. जपानी भाषेत कार्डाला 'हागाकी' म्हणतात. त्यांच्या लिपीत 'का' या अक्षराच्या खांद्यावर दोन बारीक रेघा दिल्या की त्याचा 'गा' होतो. पण जुन्या कार्डांवर त्या दोन रेघा न देता नुसते 'हाकाकी' छापत आणि वाचणारा 'हागाकी' वाची, जसे आपल्या आज्या पत्रात अनुस्वार गाळत आणि वाचणाऱ्याने तो मनाने भरून घ्यायचा. १९३३ पासून त्या रेघा छापू लागले. शिवाय युद्धापूर्वी आडवी ओळ उजवीकडून डावीकडे छापायची चाल होती.

आमच्या सातही कार्डांवर रेघ अर्ध्यावर आहे, 'गा'च्या खांद्यावर रेघा नाहीत, आणि ओळ उजवीकडून सुरू होते. म्हणजे ती १९१८ आणि १९३३ यांच्या दरम्यानची. एक शब्द जपानी न येता, कास्काव्हेलच्या बाजूला बसून, मॉरिशसच्या एका मास्तराने हे ओळखले. वर्गातल्या मुलांना दाखवले तेव्हा इतिहासाच्या तासाला नेहमी जांभया देणारा मुलगाही भिंग हातचे सोडीना. भिंगाने आणखी एक गोष्ट कळते. वर्तमानपत्रातल्या चित्रात ठिपके दिसतात, या कार्डांत ते नाहीत. काचेवर जिलेटिनचा थर देऊन छापण्याची कोलोटाइप नावाची रीत होती, तिच्यात करड्या छटा छायाचित्रासारख्या सलग उतरतात. म्हणूनच शंभर वर्षे होत आली तरी त्या मुलीच्या बाहीवरची चुणी आज मोजता येते. सातांपैकी एकच कार्ड टपालातून गेलेले आहे, आणि त्याचे तिकीट कोणा तिकिटे जमवणाऱ्याने कागदासकट फाडून नेले आहे. तिकिटाचा शिक्का राहिला असता तर दिवसही कळला असता. एकाच्या संग्रहासाठी दुसऱ्याचा पुरावा गेला.

ताकाराझुकाच्या इतिहासात १९२७ साल मोठे. त्या वर्षी १ सप्टेंबरला 'मोन पारी' नावाचा खेळ आला. तो जपानातला पहिला रेव्ह्यू मानतात, म्हणजे गाणी, नाच आणि झगमगीत प्रवेश यांची माळ. त्याची गोष्ट एका प्रवासाची आहे. कोबेहून निघायचे, चीन, सिलोन, इजिप्त करीत पॅरिसला पोचायचे. मुलींच्या ओळीने पाय हलवून आगगाडीच्या चाकांचा भास केला, तो नाच फार गाजला. तीन वर्षांनी, १९३० साली, 'पारिझेत्त' आले. शिराई तेत्सुझो यांनी पॅरिसहून परतल्यावर ते बसवले. आम्ही हे वाचताना एका गोष्टीवर अडलो. कोबेहून सिलोनला आणि तिथून इजिप्तला जाणारे ते नाटकातले जहाज आपल्याच हिंदी महासागरातून गेले की! त्याच समुद्रातून साठसत्तर वर्षांपूर्वी आपले पणजोबा रत्नागिरी, मालवण, सावंतवाडीकडून मुंबईला येऊन, गिरमिटावर अंगठा उठवून इकडे आले. त्यांच्या प्रवासावर कोणी रेव्ह्यू बसवला नाही, हे वेगळे सांगायला नको.

पुरुषवेषातल्या त्या मुलीकडे परत येऊ. सुरुवातीला पुरुषांची भूमिका करणाऱ्या मुली लांब केस टोपीत दडवीत. १९३१ साली शोचिकू या प्रतिस्पर्धी मंडळीतल्या मिझुनोए ताकिको यांनी केस कापून टाकले आणि गहजब झाला. १९३२ साली ताकाराझुकाच्या कादोता आशिको यांनीही कापले. पुढे तीच रीत झाली. कासुगानो याचियो या पुरुषभूमिकांसाठी गाजलेल्या नटी २०१२ साली शहाण्णवाव्या वर्षी वारल्या, तोवर त्या मंडळीच्या सदस्य होत्या.

मराठी माणसाला यात आपला चेहरा उलटा दिसतो, आरशात दिसावा तसा. तिकडे मुली नायक होत होत्या तेव्हा आपल्याकडे पुरुष नायिका होत होते. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून पन्नास वर्षे संगीत नाटकातल्या शकुंतला, सुभद्रा, भामिनी बहुतेक पुरुषच होते. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांचे लुगडे नेसणे आणि केसांत फुले माळणे पाहून मुंबईपुण्याच्या घरंदाज बायका तसे करू लागल्या. १९२१ च्या जुलैत मुंबईला केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी मिळून टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' केले, त्यात धैर्यधर आणि भामिनी दोघेही पुरुष. आणि त्याच वर्षी ताकाराझुकाच्या रंगमंचावर नायक आणि नायिका दोघीही मुली! कोकणातले आपले दशावतारी तर आजही लुगडे नेसून उभे राहतात. तेव्हा हे जपानी लोकच काही विचित्र, असे कोणी म्हणू नये.

पण बालगंधर्वांचे रंगभूमीवरचे ते रूप आज कशात उरले आहे? आवाज तबकड्यांत उरला. 'धर्मात्मा' या १९३५ च्या प्रभातच्या बोलपटात ते दिसतात, पण तिथे ते एकनाथ महाराज आहेत, पुरुषवेषात. भामिनी आणि रुक्मिणी उरल्या त्या छायाचित्रांत. नाटक हे रात्री होते आणि सकाळी नसते. संहिता राहते, पण संहिता म्हणजे नाटक नव्हे. जे पाहिले त्याची साक्ष देणारा कागद म्हणजे जाहिरातीचा कागद, हँडबिल, तिकीट, फोटो. म्हणजे नेमका तोच, जो आपण दुसऱ्या दिवशी केर म्हणून झाडतो.

आता आम्हाला आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायची नसती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

आमच्या गावच्या बैठक्यात एक लाकडी कपाट होते. गेल्या वर्षी गणेशचतुर्थीपूर्वी भिंतींना रंग द्यायचा म्हणून ते रिकामे करायला काढले. आत गठ्ठे होते: नाटकांची हँडबिले, तिकिटांची पुस्तके, आमंत्रणे, पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो. वरच्या थराला वाळवी लागली होती. मुलांनी विचारले, "गुरुजी, हे ठेवायचे का?" आम्ही वरचे चार कागद चाळले. एक हस्तलिखित संहिता निघाली, ती छातीशी धरली. बाकीच्याकडे बोट दाखवून म्हणालो, "टाका." बैठक्यामागे लिचीच्या पाल्याबरोबर सगळे पेटवले. दहा मिनिटांचे काम. आम्हाला त्या दिवशी कपाट स्वच्छ झाल्याचे समाधान वाटले होते.

दोन महिन्यांनी ही सात कार्डे आली. आणि त्यानंतर एका संध्याकाळी शेजारच्या आजी आल्या. वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू. पडवीत बसल्या, चहा घेतला, आणि हळूच म्हणाल्या, "गुरुजी, कपाट साफ केलेत म्हणे. त्यात ह्यांचा एक फोटो होता, लक्ष्मणाच्या सोंगातला. तेवढा मला द्याल काय?"

त्यांचे यजमान उसाच्या मळ्यात कामाला होते. लग्नात फोटो काढण्याइतके पैसे नव्हते. ओळखपत्रावरचा एक फोटो आहे, तो त्यांना आवडत नाही, त्यात ते आजारी दिसतात. मुकुट घालून, हातात धनुष्य घेऊन काढलेला तो एकच फोटो, आणि तो नाटकाच्या जाहिरातीसाठी काढलेला होता, म्हणून बैठक्यात होता. आम्ही खोटे बोललो नाही, पण खरे सांगायला आम्हाला दोन दिवस लागले. त्यांनी ऐकून घेतले. "वाळवी लागली असेल," म्हणाल्या. आम्ही होय म्हटले नाही.

काही वाचक म्हणतील, जाहिरातीच्या कागदांचे एवढे काय? जाहिरात ती जाहिरात, तिच्यात खरे किती असते! आमचे म्हणणे उलट आहे. अध्यक्षांच्या भाषणात नाटक 'अभूतपूर्व' असते. हँडबिलावर तारीख असते, वेळ असते, तिकिटाचा दर असतो, तबला कोणी वाजवला ते असते. 'अभूतपूर्व' हा शब्द आम्ही समारंभांच्या इतक्या अहवालांत लिहिला आहे की त्याची आता लाज वाटते. तबलजीचे नाव मात्र हँडबिलाखेरीज कुठे सापडत नाही.

दुसरे म्हणतील, आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, फोटोंना काय तोटा? तोटा फोटोंचा नाही. मागच्या नाट्यस्पर्धेचे फोटो आम्ही गटावर मागितले. ज्याने काढले त्याने फोन बदलला होता. दुसऱ्याकडे होते, पण चारशे, आणि कोण कोणाची भूमिका करतो ते एकाखालीही लिहिलेले नाही. त्या जपानी छापखान्यातल्या माणसाने कार्डावर नाटकाचे नाव आणि प्रवेशाचे नाव घातले, म्हणून शंभर वर्षांनी ते वाचता येते. यंत्र चांगले असून भागत नाही, कोणीतरी नाव लिहावे लागते.

आणि तिसरे म्हणतील की ताकाराझुका ही मोठी श्रीमंत मंडळी, आपण कुठे! हे मात्र अर्धे खरे आहे. त्यांच्यामागे रेल्वे होती. कोबायाशींनी स्नानगृहात १९१५ सालीच वाचनालय काढले होते. त्यातूनच १९४९ साली इकेदा गावी इकेदा बुन्को हे ग्रंथालय उभे राहिले आणि मंडळीचे कागद तिथे जपले गेले. तोकियोच्या वासेदा विद्यापीठात १९२८ पासून नाटकाचे स्वतंत्र संग्रहालय आहे, तिथे हँडबिलालाही पुस्तकाइतका मान. पण सगळे जपानी काही असे जपणारे नव्हते. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि आगीत तोकियोचा असाकुसा भाग जळाला आणि त्याबरोबर १९१७ पासून तिथे गाजलेला स्वस्त तिकिटांचा संगीत नाटकांचा बहर संपला. १९४४ साली युद्धामुळे ताकाराझुकाचे मोठे नाट्यगृहही बंद करावे लागले, ते १९४६ साली पुन्हा उघडले. एवढ्यातून कार्डे वाचली ती मुख्यतः घराघरांतल्या पेट्यांत, मुलींनी आवडत्या नटीचे म्हणून जपलेली. अमेरिकेतल्या लिओनार्ड लॉडर या संग्राहकाने जमवलेली वीस हजारांहून अधिक जपानी पोस्टकार्डे आज बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहेत, २००४ साली त्यांचे प्रदर्शनही झाले. त्यांपैकी कित्येक कधीकाळी असेच कोणाच्या पेटीत पडून असतील. पेटी तर आपल्याही घरी आहे.

शिवाय कागदाचे मोल मॉरिशसच्या माणसाला दुसऱ्याने शिकवावे, ही आम्हाला थोडी शरमेचीच गोष्ट वाटते. १८४७ सालची आपली ती दोन तिकिटे, एका पेनीचे तांबडे आणि दोन पेन्सचे निळे. पाचपाचशे छापली होती. त्यातली काही कशावर चिकटवली? गव्हर्नरच्या पत्नी लेडी गॉम यांच्या नाचाच्या मेजवानीच्या आमंत्रणांवर! एका रात्रीच्या करमणुकीचे आमंत्रण. दुसऱ्या दिवशी फेकायचा कागद. १९९३ साली आपल्या बेटावरच्या बँकेने आणि कंपन्यांनी मिळून सुमारे वीस लाख डॉलर मोजून दोन तिकिटे परत आणली, आणि २००१ पासून ती पोर्ट लुईच्या ब्लू पेनी संग्रहालयात आहेत. आम्ही दरवर्षी मुलांना ती दाखवायला नेतो. तिथे अंधाऱ्या खोलीत थोडा वेळ दिवा लागतो आणि सगळे श्वास रोखून पाहतात. तेच आम्ही, बैठक्यामागे उभे राहून "टाका" म्हणालो.

आपल्या पूर्वजांचेही असेच एक कार्ड आहे. १८६० च्या दशकापासून मजुरांच्या पासावर फोटो लावू लागले. मळेवाल्यांना आणि पोलिसांना माणूस ओळखता यावा, पळाला तर धरता यावा, म्हणून काढलेले ते फोटो. प्रेमाने कोणीच काढले नव्हते. आज मोका येथील महात्मा गांधी संस्थानात ते दप्तर आहे, आणि आपल्यापैकी कितीजणांनी पणजोबांचा चेहरा प्रथम तिथेच पाहिला! ज्या हेतूने कागद तयार होतो त्या हेतूपुरताच तो राहत नाही. पहारेकऱ्याचा कागद नातवाच्या उपयोगी पडला, तर नाटकाची जाहिरात का पडू नये? त्या पासावरचा आपला पणजोबा घाबरलेला दिसतो. नाटकाच्या फोटोत त्याचा नातू मुकुट घालून ताठ उभा आहे. आम्हाला दोन्ही हवेत.

म्हणून आमचे काही मागणे आहे. यापुढे नाट्यस्पर्धेत जी मंडळी नाटक बसवील तिने एका प्रवेशाचे पोस्टकार्ड छापावे. आजकाल शंभर कार्डे छापणे म्हणजे एका दिवसाच्या बिर्याणीपेक्षा कमी खर्च. खाली नाटकाचे नाव, गाव, तारीख, नटांची नावे, तबलापेटीवाल्यांचीही. दोन प्रती मोक्याला द्याव्यात, एक मराठी मंडळी फेडरेशनला, बाकीच्या विकाव्यात. आणि खुशाल विकाव्यात, त्यात कमीपणा नाही. ताकाराझुकाने तेच केले. शाळेतल्या मुलांना एकेक टपालाने पाठवायला लावावे. मराठीत पत्ता लिहिण्याचा सराव होईल, जो आता परीक्षेतसुद्धा होत नाही.

आणि घरची पेटी उघडावी. आम्ही वडिलांच्या पोथीत शोधले तेव्हा एक फोटो मिळाला, पोस्टकार्डाएवढाच. सहाजण मुकुटात. सीता म्हणून उभे आहेत ते आमचे थोरले काका, लुगडे नऊवारी, मिशी नुकतीच काढलेली असावी. राम, रावण, हनुमान आणि जनक ओळखू आले. सहावा लक्ष्मण. आम्ही तो धावतच आजींकडे नेला. त्यांनी डोळ्यांजवळ धरून पुष्कळ वेळ पाहिला आणि परत दिला. "हे नव्हेत," म्हणाल्या.

साधारण १९७० ते १९८५ च्या दरम्यान कास्काव्हेलच्या आसपासच्या गावांत रामायणावरची मराठी नाटके ज्यांच्या घरच्यांनी केली किंवा पाहिली असतील, त्यांनी कृपया जुने फोटो, हँडबिले पाहावीत. एकाहून अधिक लक्ष्मण निघाले तरी चालेल. आम्ही शनिवारी दुपारी दोननंतर बैठक्यात असतो. कागद तिथेच उतरवून घेऊ आणि त्याच वेळी परत करू. मागे नाव लिहायचे तर पेन्सिलीने लिहावे, शाई पुढे उमटते.